पंच्याऐंशीनंतरचे कोलेस्टेरॉल : एका नियमाचा इतिहास

१/ सेंट पीटर्सबर्ग, १९१३. निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले. सशांच्या धमन्यांत मेदाचे थर साचले. पुढे प्रमाण ठरलेल्या एका वैद्यकीय नियमाचा हा उगम. हा नियम नव्वदीच्या माणसालाही लागू पडतो का?

२/ १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त, तर हृदयविकाराचा धोका जास्त, हे तिने दाखवले. मात्र आरंभी हे लोक साधारण तिशी ते साठीतले होते. अतिवृद्ध त्यांत नव्हतेच.

३/ पक्षाघातालाही तोच न्याय लावणे स्वाभाविक होते. परंतु पक्षाघात हा एकच आजार नव्हे. कधी मेंदूची धमनी तुंबते, कधी हृदयातून आलेली गुठळी तेथे अडकते, तर कधी धमनी फुटून रक्तस्राव होतो.

४/ १९९७ मध्ये नेदरलँड्समधील लायडन शहराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८५ वर्षांवरील ७२४ जणांवर दहा वर्षे लक्ष ठेवले गेले. निष्कर्ष अनपेक्षित होता : एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला सुमारे ३९ मिलिग्रॅमने जास्त असेल, तर मृत्यूचा धोका १५ टक्क्यांनी कमी.

५/ म्हणजे कोलेस्टेरॉल वृद्धांना तारते का? असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. दीर्घ आजार, कुपोषण आणि क्षीणता यांमुळेही कोलेस्टेरॉल उतरते. कमी आकडा हे अनेकदा ढासळत्या प्रकृतीचे कारण नसून लक्षण असते.

६/ २००७ मध्ये ६१ अभ्यासांतील सुमारे ९ लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंशी कोलेस्टेरॉलचा संबंध ऐंशीनंतरही टिकून होता. पक्षाघाताच्या मृत्यूंशी मात्र तो मध्यम वयातच, आणि तोही क्षीण, आढळला. सत्तरीनंतर तर तो उलटा दिसला.

७/ औषधांचे काय? २००२ च्या 'प्रॉस्पर' चाचणीत ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ जणांपैकी निम्म्यांना प्रॅव्हास्टॅटिन देण्यात आले. सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचे प्रसंग घटले. पक्षाघाताचे घटले नाहीत.

८/ मग अतिवृद्धांच्या पक्षाघातामागे मोठे कारण कोणते? रक्तदाब. २००८ च्या 'हायव्हेट' चाचणीत ८० वर्षांवरील ३,८४५ उच्च रक्तदाबाचे रुग्ण होते. ज्यांना रक्तदाबाचे औषध मिळाले, त्यांच्यात पक्षाघाताने होणारे मृत्यू ३९ टक्क्यांनी कमी झाले.

९/ यावरून आजोबांची गोळी घरच्या घरी बंद करू नये. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांचा हिशोब निराळा असतो आणि तो डॉक्टरांनीच मांडावा. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारावा : हा नियम ठरला, तेव्हा कोणाची मोजदाद झाली होती आणि कोण मोजणीबाहेर राहिले होते?