खाज, गिनी पिग आणि एका थेंबाचा तिसरा हिस्सा

शनिवारी सकाळी ताईचा यवतमाळहून फोन. भाच्याने हट्टाने आणलेला गिनी पिग, नाव चिंटू, दोन दिवस सारखा खाजवत होता. मानेवरचे केस गेलेले, कातडीवर कोंडा. हात लावला की किंचाळायचा, एकदा तर झटका आल्यासारखा आडवा पडून पाय झाडायला लागला. आबाजींनी उपाय सांगून टाकला होता, "काऊन एवढं घाबरता? कपाशीचं औषध आहे ना घरात, पाण्यात थेंबभर टाकून पुसून घ्या. बैलाच्या गोचिडाले आम्ही तेच करत होतो."

"मामा, करू का?" भाच्याने विचारलं. मी जवळजवळ ओरडलोच. नको!

२०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. कित्येकांच्या बाबतीत विष श्वासातून आणि कातडीतून अंगात गेलं होतं. साठ किलोच्या माणसाची ही गत, तर पाऊण किलोच्या, स्वतःचं अंग चाटणाऱ्या जनावराचं काय होणार?

तो दिवस मग वाचनात गेला. (सोमवारची डेडलाइन गेली खड्ड्यात.)

तर मंडळी, खाज म्हणजे 'रक्त बिघडलं' हे आपल्याकडे अजून ऐकू येतं. युरोपातले वैद्यही तेच म्हणायचे. १६८७ साली इटलीतल्या बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी खरजेच्या फोडातून किडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि लिहिलं, की खरूज होते ती ह्या किड्यामुळे. पुढे? फारसं कुणी मानलं नाही! १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर किडा काढून दाखवला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. म्हणजे हा बग रिपोर्ट जवळजवळ दीडशे वर्षं ओपन होता :)

गिनी पिगच्या खरजेचा किडा वेगळा, ट्रिक्सॅकॅरस कॅव्हिए. तो कातडीत बिळं करतो. खाज इतकी भयंकर की झटके आल्यासारखं होतं. चिंटूचं कोडं इथे सुटलं. गंमत म्हणजे या किड्याची शास्त्रीय नोंद व्हायला १९७२ साल उजाडलं. तोवर गिनी पिगच्या जिवावर केवढं संशोधन होऊन गेलं होतं! बेरिंगचं घटसर्पाच्या सीरमवरचं कामच बघा. त्याच्याबरोबर १८९० चा तो गाजलेला निबंध लिहिणारा जपानी शास्त्रज्ञ म्हणजे कितासातो.

हे नाव लक्षात ठेवा. कितासातोने १९१४ साली टोकियोत संस्था काढली. त्याच संस्थेतल्या सातोशी ओमुरांनी १९७० च्या दशकात इतो शहरातल्या गोल्फ मैदानाजवळची माती उचलली. तिच्यातला एक जंतू अमेरिकेतल्या मर्क कंपनीकडे गेला. तिथे विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने त्यातून परोपजीवी मारणारं द्रव्य शोधलं, त्यावरून आयव्हरमेक्टिन तयार झालं. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आलं. १९८७ पासून आफ्रिकेतल्या 'रिव्हर ब्लाइंडनेस'साठी मर्कने ते माणसांना फुकट द्यायला सुरुवात केली. २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं. घटसर्पाचं औषध ज्या प्राण्याच्या जिवावर सापडलं, त्याच्या खरजेवरचा उपाय कितासातोच्या संस्थेच्या मातीतून निघाला. उधारी अशी फिटते कधीकधी.

पण इथेच धोका आहे. हे औषध गुरांसाठी एक टक्क्याचं इंजेक्शन म्हणून सर्रास मिळतं, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. किलोला ०.२ मिलिग्रॅम धरा. ३०० किलोच्या गाईला ६ मिली. आठशे ग्रॅमच्या चिंटूला? ०.०१६ मिली, म्हणजे साधारण एका थेंबाचा तिसरा हिस्सा! 'थेंबभर' हे आबाजींचं माप इथेही जास्तच. म्हणून हे काम घरी नाही, वजन करून डॉक्टरनेच करायचं.

संध्याकाळी ताईने त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कातडी किंचित खरवडून तपासली. किडाच निघाला. औषध अंड्यांवर चालत नाही, त्यामुळे पिल्लं बाहेर पडली की पुन्हा डोस, असं काही आठवड्यांत दोन-तीनदा. पिंजरा गरम पाण्याने धुवायचा, खालचं गवत पूर्ण बदलायचं. सोबत दुसरा गिनी पिग असेल तर त्यालाही औषध. नवीन आणला तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा. आणि ताज्या भाज्या, ढोबळी मिरची वगैरे, कारण माणसासारखंच त्याचं शरीरही 'क' जीवनसत्त्व बनवत नाही. भाच्याच्या हातावरही पुरळ आलं होतं, हा किडा माणसाला तात्पुरता त्रास देतो. चिंटू बरा झाला तसं तेही गेलं.

महिन्याभराने फोन आला. मानेवर केस उगवलेत. आबाजी म्हणाले, "आमच्या बैलाले असा डॉक्टर कधी भेटला नाही पोरा."

यावर मला काही बोलता आलं नाही. कपाशीच्या औषधाची ती बाटली मात्र ताईने माळ्यावरून काढून शेतातल्या कुलपाच्या पेटीत ठेवली.