दारू सोडल्यावर झोप का उडते? काय करावं?

दारू सोडल्यावर पहिल्या काही रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ‘एक पेग घेतला की झोप येईल’ म्हणत अनेकजण इथेच घसरतात.

कारण : दारू मेंदूला गुंगी आणते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीशी झगडायला शिकतो. दारू थांबली तरी तो ताण लगेच उतरत नाही. म्हणून घाम, धडधड, वाईट स्वप्नं. पहिला आठवडा जड जातो; झोपेची घडी बसायला कधी काही महिनेही लागतात.

उपाय : रोज एकाच वेळी उठा. दुपारची झोप टाळा, दुपारनंतर चहा-कॉफी नको, रात्री तंबाखू नको. झोप येत नसेल तर लोळत पडू नका. उठून बसा, डोळे जड झाले की आडवे व्हा. झोपेची गोळी मनाने घेऊ नका. तिचीही सवय लागते, वर दारू प्यायल्यास जीवावर बेतू शकतं.

धोका : रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच सोडावी. पहिल्या तीन-चार दिवसांत हात जोरात कापणं, फिट, भास किंवा बरळणं दिसलं तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.

मदत : धारवाडची ‘डिमहान्स’, किंवा ‘टेली-मानस’, १४४१६, २४ तास, मोफत.