वेब सर्व्हरमधील चोरदरवाजा

किल्ल्याचा महादरवाजा कितीही भक्कम असला, तरी आतून कोणी चोरदरवाजा उघडून ठेवला, तर पहारा व्यर्थ ठरतो. वेब सर्व्हरच्या बाबतीत हे काम 'बॅकडोअर ट्रोजन' या प्रकारातील प्रोग्रॅम करतात. ग्रीक कथेतील सैनिक लाकडी घोड्यात लपून ट्रॉय नगरीत शिरले. त्यावरून 'ट्रोजन' हे नाव पडले. हा प्रोग्रॅम निरुपद्रवी फाइलचे रूप घेऊन सर्व्हरवर राहतो आणि हल्लेखोराला पासवर्डविना आत येण्याची वाट मोकळी ठेवतो. एका सर्व्हरवर अनेकदा शेकडो संकेतस्थळे असतात. त्यामुळे त्याला झालेली बाधा त्या सर्वांना आणि त्यांना भेट देणाऱ्यांनाही भोवते.

कोड रेडचा धडा

मायक्रोसॉफ्टच्या 'आयआयएस' या सर्व्हर सॉफ्टवेअरमधील एका त्रुटीवरील पॅच, म्हणजे दुरुस्ती, १८ जून २००१ रोजी उपलब्ध झाली होती. अनेकांनी ती बसवली नाही. १९ जुलै रोजी 'कोड रेड' या वर्मने १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक बाधित केले. मात्र हा वर्म केवळ संगणकाच्या मेमरीत राहत असे; संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो नाहीसा होई.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आलेला 'कोड रेड २' वेगळा होता. त्याच त्रुटीतून शिरून तो विंडोजची आज्ञा स्वीकारणारी फाइल 'रूट डॉट ईएक्सई' या नावाने संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. त्यानंतर साध्या ब्राउझरमधूनही त्या सर्व्हरला हुकूम देता येत. 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' या नावाची एक बनावट फाइल सर्व्हरच्या सी आणि डी या दोन्ही ड्राइव्हची वाट बाहेरच्यांना खुली करी. संगणक पुन्हा सुरू करून किंवा नंतर पॅच बसवून ही दारे बंद होत नसत. १८ सप्टेंबर २००१ रोजी पसरलेल्या 'निमडा' वर्मने ज्या मार्गांनी प्रवेश केला, त्यांत हे चोरदरवाजेही होते.

खुणा न ठेवणारा पाहुणा

लिनक्सवरील सर्व्हरही यातून सुटले नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये 'सीडॉर्क्ड' हा ट्रोजन उघडकीस आला. त्याने अपाचे सर्व्हरची मूळ फाइलच बदललेली असे. आपली सर्व माहिती तो डिस्कवर न लिहिता मेमरीत ठेवी आणि हल्लेखोराने पाठवलेल्या आज्ञांची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये होत नसे. काही वाचकांना तो गुपचूप घातक संकेतस्थळांकडे वळवी. व्यवस्थापकाच्या पानांवर जाणाऱ्यांना मात्र वगळी. त्यामुळे ज्याने शोधायचे, त्यालाच काही दिसत नसे. 'ईसेट' या सुरक्षा कंपनीने मार्च २०१४ मध्ये 'ऑपरेशन विंडिगो' या नावाने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार सीडॉर्क्ड आणि पासवर्ड चोरणारा 'एबरी' हे एकाच टोळीच्या कारवायांचे भाग होते. त्यांत २५,००० हून अधिक सर्व्हर बाधित झाले होते.

पॅच पुरेसा का नाही?

२०२१ च्या सुरुवातीच्या महिन्यांत मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ई-मेल सर्व्हरमधील त्रुटींचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी हजारो ठिकाणी 'वेब शेल' नावाच्या छोट्या फाइल पेरल्या. २ मार्च रोजी पॅच आले. परंतु आधीच पेरलेल्या फाइल अनेक ठिकाणी तशाच राहिल्या. अखेर अमेरिकेत एफबीआयने न्यायालयाच्या परवानगीने शेकडो संगणकांवरील वेब शेल काढून टाकले. १३ एप्रिल रोजी ही कारवाई जाहीर करताना, तीत त्रुटींची दुरुस्ती केलेली नाही, असेही सरकारने स्पष्ट केले. पॅच पुढील प्रवेश रोखतो, आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. ही दोन कामे स्वतंत्र आहेत.

काय करावे?

सर्व्हरवरील फाइल मूळ प्रतींशी ताडून पाहाव्यात. अनोळखी स्क्रिप्ट आणि अलीकडे बदललेल्या फाइल तपासाव्यात. वाचकांना फाइल पाठवण्याची सोय असलेल्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम चालवण्यास मनाई ठेवावी. लॉगची प्रत दुसऱ्या संगणकावर साठवावी, म्हणजे ती हल्लेखोराला पुसता येत नाही. चोरदरवाजा आढळल्यास ती एक फाइल पुसून समाधान मानू नये. दुसरी कोठे असेल, याची खात्री देता येत नाही. सर्व्हर नव्याने उभारणे, बाधेपूर्वीच्या बॅकअपमधून माहिती परत आणणे आणि सर्व पासवर्ड व सुरक्षा-कळा बदलणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

भारतात अशा घटनांची दखल 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था घेते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरवरील हल्ल्याची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक करण्यात आले. दुकानाचे संकेतस्थळ चालवणाऱ्या लहान व्यावसायिकाने म्हणूनच आपल्या होस्टिंग कंपनीला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पॅच कधी बसवला आणि त्यापूर्वी कोणी आत शिरले नव्हते, याची तपासणी केली काय?