रहस्यपटाचा पहिला प्रवेश

ज्या घरी गोंधळ घातला जावयाचा असतो, त्या घरी आख्यानापूर्वी बराच वेळ काहीच घडत नाही, आणि तरीही कोणी उठून जात नाही. पाटावर नवे वस्त्र अंथरलेले असते, त्यावर धान्याचा चौक भरलेला असतो, मध्ये कलश, बाजूला तेल पिऊन जड झालेली दिवटी. संबळ वाजू लागतो, तुणतुण्याची तार त्याच्या आडून बोलत राहते, आणि गोंधळी एकेका क्षेत्राचे नाव घेऊन एकेका दैवताला बोलावू लागतो. कोण येणार हे श्रोत्याला पुरते ठाऊक असते. केव्हा येणार एवढेच ठाऊक नसते. माहूरची रेणुका नांदेड जिल्ह्यात, तुळजापूरची भवानी लातुराहून फार दूर नाही. रेणुराई आणि कदमराई या गोंधळ्यांच्या दोन्ही परंपरांची दैवते या मुलखाच्या अशी दोन बाजूंना नांदत असल्यामुळे वाट पाहावयास लावण्याची ही कला येथील माणसाच्या कानावर लहानपणापासूनच पडत आलेली आहे. ती चित्रपटाने शोधून काढली असे जे पुष्कळदा म्हटले जाते, ते म्हणूनच जरा जपून घ्यावयास हवे.

चित्रपटाचा स्वतःचा आरंभ याहून अगदी निराळा होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. त्यांत आगगाडी स्थानकात येई आणि थांबे. पुढे काय होणार हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. चित्र हलते हेच नवल पुरेसे होते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढून पडद्यावर कथा आणली. परंतु ती कथा प्रेक्षकाच्या घरचीच. राजा सत्यापासून ढळणार नाही याविषयी कोणाच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती.

शंकेला, आणि शंकेबरोबर येणाऱ्या भीतीला, मराठी पडद्यावर जागा मिळाली ती कोल्हापुरात. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' १९२५ चा. कथा नारायण हरी आपटे यांची, आणि पाशात सापडलेल्या तरुण शेतकऱ्याचे काम करणारा नट म्हणजे पुढे दिग्दर्शक म्हणून कीर्ती मिळविलेले शांताराम. या मूकपटातील एक दृश्य जाणत्यांनी वारंवार वर्णिले आहे: मंद प्रकाशातील एक उदास झोपडी आणि जवळच रडणारे कुत्रे. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येत नाही. ते दिसते, आणि ऐकण्याचे काम प्रेक्षकाच्या मनावर सोपविले जाते. हे दृश्य चित्रपटाच्या आरंभीचे नव्हे. तथापि अघटिताची चाहूल द्यावयास अघटित दाखविण्याची गरज नसते, हा धडा त्यात संपूर्ण आहे. जमीन सावकाराच्या वहीत अडकली म्हणजे पुढे काय होते, हे औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याला तर कोणी समजावून सांगावयासही नको होते.

या मुलखात चित्रपट कसा पोहोचे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. बार्शी लाईट रेल्वेची अरुंदमापी गाडी १९११ मध्ये लातुरापर्यंत आली. नांदेड हे मनमाड ते सिकंदराबाद या मार्गावरचे. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या अशा गाड्यांतून आणि पुढे बैलगाडीतून जत्रेच्या मैदानावर जावयाच्या. तंबूच्या फिरत्या सिनेमाजवळ बहुधा एकच यंत्र असे. हजार फुटांचे रीळ बोलपटाच्या गतीने सुमारे ११ मिनिटे चालते. ते संपले की पडदा विझावयाचा, दिवे लागावयाचे, आणि दुसरे रीळ चढेपर्यंत लोक पुन्हा आपापसांत बोलू लागावयाचे. पुण्यामुंबईच्या चित्रगृहात प्रेक्षक तिकिटाच्या पैशांनी बांधलेला असतो. जत्रेत तसे नाही. कनातीपलीकडे पाळणे फिरत असतात, तमाशाची ढोलकी कडाडत असते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर तमाशाचा मान मोठा. अशा ठिकाणी पहिल्या अकरा मिनिटांत ज्या चित्रपटाने माणसाला धरून ठेवले नाही, त्याची उरलेली रिळे पेटीतच राहिली असती तरी कोणाचे फारसे अडले नसते.

'अमृतमंथन' या कसोटीला उतरण्याजोगा होता. प्रभात कंपनीने १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्यास आपला नवा स्टुडिओ उभारला. त्याच सुमारास 'सैरंध्री' या चित्रपटाच्या रंगीत प्रतींच्या कामासाठी शांतारामबापू जर्मनीस जाऊन आले आणि तेथील छायाप्रकाशाची विद्या त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९३४ चा 'अमृतमंथन' हे त्या दोन्ही घटनांचे फळ. कथेचा आधार पुन्हा नारायण हरी आपटे यांचाच, 'भाग्यश्री' ही कादंबरी. चित्रण केशवराव धायबर यांचे. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. मराठीत राजगुरूची भूमिका केशवराव दाते यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. निझामी राजवटीत शाळा आणि कचेरी उर्दूची, घर मराठीचे. अशा दुहेरी कानांच्या प्रेक्षकाला दोन्ही राजगुरू सारखेच उमगले असते.

अवंतीचा राजा क्रांतिवर्मा याने चंडिकेपुढील बळी बंद केले आहेत. पडदा उजळतो तो राजवाड्यात नव्हे, तर तळघरासारख्या अंधाऱ्या जागेत. ज्योतींच्या थरथरत्या उजेडात चंडिकेचे भक्त जमत आहेत, आणि जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा त्या जमावाभोवती वर्तुळाकार फिरत आहे. माणसे उंच आणि विक्राळ दिसतात. त्यांच्या सावल्या त्यांच्याहून मोठ्या. मग राजगुरूचा चेहरा, आणि दूरचे जवळ ओढून आणणाऱ्या भिंगातून त्या चेहऱ्यातील एकच डोळा. तो साऱ्या पडद्याला व्यापून उरतो. राजाचा वध करावयाचा असे ठरते, आणि ती आज्ञा यशोधर्माला होते.

या आरंभाची शक्ती त्या डोळ्यात आहे असे बहुतेकांचे मत. डोळा विलक्षण आहे यात शंका नाही. परंतु खरी करामत दुसरीकडे आहे. कट कोणी रचला हे शांतारामबापूंनी मुळीच लपविलेले नाही. दुय्यम प्रतीच्या कारागिराने राजाचा खून आधी दाखविला असता आणि खुनी कोण या शोधात दोन तास घालविले असते. येथे प्रेक्षकाला सारे सांगून टाकले आहे. न सांगितलेले फक्त राजाला. पुढे राजा ज्या ज्या वेळी निश्चिंतपणे बोलतो, हसतो, चालतो, त्या त्या वेळी प्रेक्षकाच्या जिवाचे पाणी होते. दरबाराच्या भरउजेडातल्या प्रसंगावरही त्या तळघराची सावली पडून राहते.

माहूर-तुळजापूरच्या वाटेवरील प्रेक्षकाच्या दृष्टीने या दृश्यात आणखी एक कळ आहे. देवीपुढचा तो उजेड त्याच्या ओळखीचा आहे. लग्नानंतरच्या गोंधळात हाच उजेड मंगल असतो. आता त्याच उजेडात वधाची आज्ञा होते. चित्रपट देवीची कुचेष्टा कोठेही करीत नाही. देवीच्या वतीने बोलण्याचा हक्क आपलाच, असे म्हणणाऱ्या माणसाकडे मात्र तो बोट दाखवितो. हा फरक भाविक मनाला स्वतःशीच करावयास लावणे १९३४ मध्ये सोपे नव्हते, आणि ते भाषणाने साधले नसते. त्या मनाला आधी घाबरवावे लागले.

तीन वर्षे आधी बर्लिनमध्ये फ्रित्झ लांग या दिग्दर्शकाने 'एम' या चित्रपटात हेच तत्त्व अगदी घरगुती साधनांनी वापरले होते. चाळीच्या अंगणात मुले रिंगण करून खुन्यावरचे मोजणीचे गाणे म्हणत आहेत. वर एक आई मुलीसाठी जेवणाचे ताट मांडते आहे; घड्याळ पुढे सरकते आहे. मुलगी चेंडू आपटत शाळेहून परतते, तो चेंडू खुन्याच्या पकडीसाठी लावलेल्या इनामाच्या जाहिरातीवर आदळतो, आणि त्या जाहिरातीवर एका पुरुषाची सावली येऊन पडते. खून पडद्यावर दिसतच नाही. रिकामे जिने, रिकामे ताट, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, एवढेच दिसते. आईची हाक तेवढी ऐकू येत राहते.

या साऱ्याची उपपत्ती आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या संभाषणात सांगितली. मेजाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसले, तर स्फोटाने पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. ठाऊक असले, तर मेजाभोवतीच्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकल्या जातात. १९५८ मध्ये ऑर्सन वेल्स यांनी 'टच ऑफ ईव्हिल'च्या आरंभी मोटारीत बॉम्ब ठेवल्याचे दाखवून तीन मिनिटांहून अधिक काळ कॅमेरा न तोडता त्या मोटारीमागे गाव फिरविले होते, तेही याच हिशोबाने.

बोलपटाने या हिशोबात आवाजाची भर घातली. बाँबे टॉकीजचा १९४९ चा 'महल' कमाल अमरोही यांनी एका वादळी रात्री सुरू केला: जुना वाडा, म्हातारा माळी, त्याने सांगितलेली बुडालेल्या प्रियकराची कथा, आणि नव्या मालकाशी हुबेहूब जुळणारी भिंतीवरची तसबीर. वारा आणि झुंबरे यांची रेलचेल आज थोडी अधिकच वाटते. पण मग कोठून तरी गाणे येते. लता मंगेशकर यांनी ते मायक्रोफोनपासून दूर उभे राहून आरंभिले आणि गात गात त्या जवळ आल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. गाणारी कोण हे कळण्याआधी ती जवळ येत आहे एवढेच कळते. आवाहनाचा क्रम येथे उलटला आहे: बोलावले कोणीच नाही, आणि तरी कोणीतरी येते आहे.

मराठीत राजा परांजपे यांचा १९६४ चा 'पाठलाग' याच घराण्यातला, पण त्याची तऱ्हा वेगळी. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून तो निघाला, आणि १९६६ मध्ये राज खोसला यांनी त्याचेच 'मेरा साया' केले. पत्नीचा मृत्यू एका वकिलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि आता पोलिसांच्या ताब्यातील एक स्त्री म्हणते की तुमची पत्नी मीच. प्रेक्षकानेही तो मृत्यू पाहिलेला आहे. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर पहिल्या प्रवेशाने प्रेक्षकाला साक्षीदार करून ठेवले आहे, आणि पुढचा सारा चित्रपट म्हणजे त्या साक्षीदाराची उलटतपासणी.

अलीकडच्या काळातील रहस्यपटांत हा संयम थोडा. लातूर ज्यांचे जन्मगाव त्या रितेश देशमुख यांनी २०१४ च्या 'एक व्हिलन'मध्ये, विनोदी भूमिकांची आपली ओळख बाजूला ठेवून, पिचलेल्या नोकरदार खुन्याचे काम केले. दिग्दर्शक मोहित सुरी यांनी नायिकेची हत्या आरंभीच उरकली आहे. धक्का बसतो, परंतु तो मेजावरील बॉम्बचा, मेजाखालच्या नव्हे. भीती वाटू लागते ती पुढे, खुनी घरी येऊन बायकामुलांत मुकाट्याने वावरू लागतो तेव्हा. चित्रपटाचा खरा आरंभ तेथे झाला असता तर बरे, असे वाटल्यावाचून राहात नाही.

या मुलखाच्या इतिहासात असा आरंभ तयार पडलेला आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे बँकेवर धाड घातली, ती ३० जानेवारी १९४८ रोजी. रझाकारांच्या दहशतीचे ते दिवस. संध्याकाळ झाली की दारे लागावयाची आणि बाहेर वाजलेले पाऊल कोणाचे, हे आतल्या अंधारात कान देऊन ओळखावे लागे. त्या तारखेला प्रेक्षकाला काय ठाऊक असते, हे सांगावयास नको. धाडीची तयारी करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. रूळांशेजारचे एक लहानसे गाव, बँकेचे दार, आपापल्या जागी निघालेली माणसे; आणि त्यांपैकी कोणाच्याही स्वप्नात नसलेली, दिल्लीत बिर्ला भवनाच्या हिरवळीवर भरू लागलेली सायंप्रार्थना.