पाहुणचाराचे बिल यजमानाच्या माथी

१/ हॉटेल सोडताना बिलात न सांगितलेला आकार दिसला की प्रवासी चकित होतो. प्राचीन विदर्भात मुक्कामाचा असा भुर्दंड यजमान गावाला पडत असे. त्याचा पुरावा वाशीमच्या ताम्रपटात आहे.

२/ वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, ३७व्या राज्यवर्षी, विंध्यशक्ती द्वितीय याने नांदेड परिसरातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले. १९३९ मध्ये सापडलेल्या या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात आहे.

३/ त्या तपशिलात सवलतींची यादी येते. गावात राजाचे सैनिक शिरणार नाहीत. फुले व दूध घेतले जाणार नाही. गाई-बैल, चामडे, कोळसा मागितला जाणार नाही. खाटही द्यावी लागणार नाही. यांतील बऱ्याच वस्तू दौऱ्यावरील राजपुरुषांच्या मुक्कामाला लागणाऱ्या, असा अर्थ अभ्यासक लावतात.

४/ सवलत मुद्दाम कोरावी लागली, यावरूनच इतर गावांवरील भार कळतो. ठरलेल्या कराची तजवीज करता येते. मुक्कामाचा खर्च मात्र किती जण येतात आणि किती दिवस राहतात, यावर अवलंबून.

५/ २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना सेवाशुल्क बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली. काय घेता येणार नाही हे लेखी असणे, हाच दोन्हीकडे दुर्बळ पक्षाचा आधार. आज तो नियम सर्वांसाठी आहे. वाकाटकांच्या राज्यात ती एका गावावरची राजकृपा होती.