अबोल मुलांनी कोणते करिअर निवडावे?

गिरगाव-लालबागच्या चाळींत दारे दिवसभर उघडी ठेवण्याची रीत. अशा गजबजाटात एखादा मुलगा पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसू लागला, की त्याच्यावर ‘माणूसघाणा’ असा शिक्का बसतो. बारावीनंतर हाच शिक्का त्याच्या आड येतो. ‘बोलणाऱ्याची माती विकते’ असे मानणारे पालक त्याला डॉक्टर, वकील वा समुपदेशक या वाटांपासून दूर ठेवतात. पुष्कळदा एक चांगला व्यावसायिक त्यामुळे हातचा जातो.

अंतर्मुखता आणि भीती

अंतर्मुख व बहिर्मुख या संज्ञा मानसशास्त्रात रूढ झाल्या त्या कार्ल युंग यांच्या १९२१ मधील ग्रंथामुळे. अंतर्मुख व्यक्तीला माणसे नकोशी नसतात. गर्दीत ती लवकर थकते आणि एकांतात तिला पुन्हा उभारी येते, एवढेच. लाजाळूपणाचे मूळ मात्र लोक काय म्हणतील या भीतीत असते. ही भीती तोंडी परीक्षा वा मुलाखत टाळण्यापर्यंत गेली असल्यास परळच्या केईएम रुग्णालयासारख्या ठिकाणच्या मानसोपचार विभागाचा सल्ला घ्यावा. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

विक्रीच्या व्यवसायातही बोलघेवडेपणाच श्रेष्ठ ठरतो असे नाही. ॲडम ग्रँट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फोनवरून विक्री करणाऱ्यांपैकी मधल्या प्रवृत्तीचे लोक सर्वांत पुढे आढळले. दोन्ही टोकांचे मागे पडले.

वाटा कोणत्या?

वैद्यक : बाह्यरुग्ण विभागातील गर्दी हे वैद्यकाचे एकच रूप होय. विकृतिशास्त्र, क्ष-किरणशास्त्र, भूलशास्त्र या शाखांत एकाग्रतेला अधिक वाव असतो. मात्र एमबीबीएसची वर्षे आणि इंटर्नशिप गर्दीतच काढावी लागतात, याची तयारी हवी.

व्यवसायोपचार : अपघात, पक्षाघात वा जन्मजात व्यंग यांमुळे दैनंदिन हालचाली अवघड झालेल्या रुग्णाला पुन्हा स्वावलंबी करणारी ही शाखा. कमला निंबकर यांनी केईएममध्ये १९५० साली तिचे शिक्षण सुरू केले. येथे एकाच रुग्णाबरोबर दीर्घकाळ, धीराने काम करावे लागते. अंतर्मुखांना हे साधते.

विधी : चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे. न्यायालयातील युक्तिवाद हा वकिलीचा दिसणारा भाग. करारांचे मसुदे, मालमत्तेच्या हक्कांची छाननी, कर सल्ला ही कामे टेबलावर बसून होतात.

समाजकार्य व समुपदेशन : निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय १९५५ मध्ये स्थापन झाले. वस्तीत सभा घेण्याइतकेच एका कुटुंबाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, त्याची नीट नोंद ठेवणे हेही समाजकार्यच. समुपदेशकाचे तर निम्मे काम ऐकण्याचे असते.

ग्रंथपालन : दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांत वाचकाला नेमके पुस्तक मिळवून देणे ही सेवाच आहे. मात्र जागा मर्यादित असल्याने पदवीबरोबर संगणकीय सूचीकरणाचे कौशल्य मिळवणे हिताचे.

निवड करताना

पदाच्या नावापेक्षा त्या पदावरील माणसाचा दिवस कसा जातो ते पाहावे. रोज किती माणसे भेटतात? ती अनोळखी असतात की परिचित? दोन भेटींमध्ये उसंत मिळते का? शक्य असल्यास त्या क्षेत्रातील व्यक्तीसोबत दोन दिवस घालवावेत. नोकरीत रुजू झाल्यावर बैठकीचे मुद्दे आधी लिहून नेणे, दुपारची काही मिनिटे एकट्याने बसणे, या साध्या सवयी उपयोगी पडतात. लोकलच्या गर्दीतून घरी परतल्यावर तासभर कुणी काही विचारू नये, एवढी मोकळीक घरच्यांनीही द्यावी.

अबोल स्वभाव हा दोष समजून तो बदलण्यात उमेदीची वर्षे घालवू नयेत. बोलण्याचे आवश्यक कौशल्य सरावाने कमावता येते. लक्षपूर्वक ऐकण्याची वृत्ती अनेकांना जन्मजात लाभलेली असते. रुग्ण, पक्षकार आणि विद्यार्थी यांना तिचीच गरज अधिक भासते.