सूत, खुंट्या आणि मापरेषा

अलिबागकडच्या कुठल्याही नव्या बंगल्याच्या कामावर सकाळी जाऊन उभं राहा. नकाशात सळईपुढे '१२ मिमी' असं लिहिलेलं असतं आणि सळई बांधणारा मिस्त्री पोराला हाक मारून सांगतो, "चार सुताची आण रे." पोरगं बरोबर तीच सळई आणतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, चार सूत म्हणजे अर्धा इंच. देशात मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. कामावरच्या बोलण्यातून सूत मात्र गेलेलं नाही.

मला तो शब्द फार मोलाचा वाटतो, कारण मापरेषेचं कूळ त्यातच सापडतं. नकाशात भिंतीपासून थोडी दूर, तिला समांतर अशी एक बारीक रेघ असते. तिच्या दोन्ही टोकांना बाण किंवा तिरपी खूण असते आणि अंगावर आकडा. ही रेघ कागदावर येण्याच्या कितीतरी आधी जमिनीवर होती. शुल्बसूत्रांतला 'शुल्ब' म्हणजे दोरी. दोन खुंट्या ठोकायच्या, मध्ये दोरी ताणायची आणि वेदी आखायची, एवढीच ती विद्या. दोरी म्हणजेच सूत्र हाती धरणारा तो सूत्रधार, आणि त्याच शब्दावरून आपला सुतार आला. आजही पाया खणण्याआधी लाइनदोरी ताणतात, गुण्या लावून काटकोन तपासतात आणि रेघेवर चुन्याची फक्की मारतात.

दोरीला आकडा चिकटला तो राज्यकारभारामुळे. शिवकाळातल्या जमीनमोजणीची काठी पाच हात, पाच मुठींची, म्हणजे ब्यांशी तसूंची होती असं सभासदाच्या बखरीत आहे. हात माणसागणिक बदलतो, म्हणून तो तसू या ठरलेल्या छोट्या मापात बांधून टाकला. माप आता मोजणाऱ्याच्या शरीरावर अवलंबून राहिलं नाही. पुढचा सगळा इतिहास याच एका पावलाचा विस्तार आहे.

तरीही अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला चुन्याविना रचलेल्या प्रचंड दगडांवर उभा राहिला, आणि या किनाऱ्यावरच्या होड्या पिढ्यान् पिढ्या मेस्त्रीच्या डोक्यातल्या प्रमाणांवर बांधल्या गेल्या. तिथे मापरेषेची गरज नव्हती, कारण माप ठरवणारा आणि लाकूड कापणारा एकाच ठिकाणी उभे होते. ते दोघे लांब गेले तेव्हा मापरेषा लागली. १८५४ साली पुण्यात सरकारी बांधकामांसाठी माणसं तयार करणारा इंजिनिअरिंग वर्ग निघाला. नकाशा कचेरीत आणि काम कुठल्यातरी खाडीकाठी, असा कारभार पुढे रुळला. एकच दोरी दोघांना धरता येईना, म्हणून ती दोरी कागदावर काढून पाठवायची.

कागदाचा मात्र एक दोष होता. तो दमट हवेत फुगतो आणि सुकला की आकसतो. निळ्या छापाचा कागद तर पाण्यातून काढावा लागे. कोकणातल्या पावसाळ्यात अशा कागदावर पट्टी ठेवून मोजणाऱ्याची फसगत ठरलेली. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात सूचना आली की पट्टीनं मोजू नका, लिहिलेलंच माप धरा. रेघेपेक्षा आकडा मोठा झाला तो असा. ड्राफ्ट्समनवर त्यामुळे केवढा भार पडला असेल! भिंत एकदा सरकली की ट्रेसिंगवरचे आकडे ब्लेडनं खरवडायचे आणि एकूण एक बेरजा पुन्हा जुळवायच्या.

हा भार उतरवण्याचा विचार १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांच्या स्केचपॅड या संगणकावरच्या रेखाटन-प्रणालीत दिसतो. आकृती ओढली की मापरेषेवरचा आकडा आपोआप बदलत असे. ऑटोकॅड १९८२ साली आलं आणि काही वर्षांत त्याची मापंही आकृतीबरोबर ताणता येऊ लागली. पुढे २००२ च्या आवृत्तीत मापरेषा थेट वस्तूच्याच बिंदूंना जोडता आली. ऑटोकॅडमध्ये पहिलं माप टाकताच 'डेफपॉइंट्स' नावाचा एक लेअर आपोआप तयार होतो. तो छापला जात नाही. त्यावर मापाचे मूळ बिंदू असतात. ते बिंदू म्हणजे त्या जुन्या खुंट्याच, हे समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मापरेषा सांभाळायच्या म्हणजे या खुंट्या सांभाळायच्या. मापांना वेगळा लेअर द्यावा, सबंध नकाशाला एकच डिमस्टाइल, म्हणजे मापांची एकच मांडणी, असावी आणि एकूण माप सर्वांत बाहेरच्या रेघेवर लिहावं. सहा खांबांची अंतरं एकापुढे एक साखळीनं मोजली तर प्रत्येक ठिकाणची सूतभर चूक शेवटच्या खांबावर जमा होते. ती सगळी एकाच पायारेघेपासून मोजली तर चूक जिथल्या तिथे राहते. आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे आकृती न बदलता मापावर हातानं दुसरा आकडा टाइप करणं. तसं केलं की दोरी खुंट्यांपासून तुटते. उद्या भिंत सरकली तरी तो आकडा हलत नाही.

या किनाऱ्यावर त्याची किंमत फार मोठी आहे. आयएस ४५६ प्रमाणे सौम्य हवामानात सळईवर किमान २० मिमी काँक्रीटचं आवरण चालतं, पण समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला ४५ मिमी लागतं. आतल्या भागातल्या एखाद्या जुन्या कामाचा तपशील उचलून नकाशात चिकटवला आणि आकडा तेवढा बदलला, तर चित्रातली सळई जुन्याच जागी राहते. त्याच चित्रावरून सळयांभोवतीच्या रिंगची लांबी काढणारा ती मोठी कापतो आणि आवरण कमी पडतं. खाऱ्या वाऱ्यानं सळई गंजते, फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. ही गोष्ट बांधकाम संपल्यावर काही वर्षांनी कळते.

माप ठरवणारा आणि कापणारा पुन्हा जवळ आणायचा प्रयत्नही याच भागात झाला. वास्तुकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनं सुतारांना सोबत घेऊन, पूर्ण आकाराचे नमुने करून पाहत काम केलं. नांदगावचं पामायरा हाउस हे २००७ चं घर त्यातलंच. अशी सोय फार थोड्यांना मिळते. बाकीच्यांची घरं नकाशावरच उभी राहतात.

म्हणून कॅडवर बसणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. माप चुकीचं दिसलं तर आकड्याला हात लावू नका. भिंत सरकवा, खांब सरकवा, आकडा आपोआप बदलेल. तिकडे कामावर कुणीतरी तुमच्या त्या आकड्यावर विश्वास ठेवून दोरी ताणणार आहे.